मशीनचं तोंड भिंतीकडे

मामा,

त्यांनी माझ्याकडे तुझ्याबद्दल पाच ओळी मागितल्या होत्या. पाचच. "छोटंसं, गोड, आणि शेवट जरा प्रेरणादायी," असं फोनवरची बाई म्हणाली. सोबत तुझा एक फोटो हवा होता. "युनिफॉर्ममधला असेल तर छान. आणि हात थोडे काळे असतील ना, तर फारच छान." तुझं दहावं होऊन तीन दिवस झाले होते. मामी मोरीत तुझा डबा घासत होती, जो आता कोणी नेणार नव्हतं. मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या पाच ओळी मी लिहिल्या नाहीत. हे लिहिते आहे. जमेल की नाही माहीत नाही. आपल्या घराण्यात गेलेल्या माणसाविषयी कोणी काही लिहिलेलं नाही. बायका रडतात, पुरुष मंडप बांधतात, आणि झालं. हे मी कॉलेजच्या अंकात देणार आहे, त्यामुळे तुला माहीत असलेलंही थोडं सांगावं लागेल. कंटाळू नको.

तू सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होतास. पंपाचे भाग बनायचे तिथे. तुझी लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशीन, सात नंबरची. घरात कोणी "मामा कुठे आहेत?" विचारलं की मामी म्हणायची, "सात नंबरवर." ती सवतीचं नाव घेतल्यासारखं म्हणायची आणि तू हसायचास.

कारखान्यात बाहेरच्या माणसाला वर्षातून एकदाच जाता यायचं, खंडेनवमीला. त्या दिवशी मशिनी बंद, सगळ्या धुऊनपुसून लख्ख, प्रत्येकीला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे नारळ. मी सहा-सात वर्षांची असेन. आई मला वणीहून एसटीने घेऊन आली होती. तू मला उचलून एका लाकडी फळीवर उभं केलंस. त्या फळीत दोन खळगे होते. "हे माझे पाय," तू म्हणालास. मला वाटलं कोणीतरी कोरून दिलेत. तू म्हणालास, "कोरत नाय बसलं कोणी. उभा राहून राहून पडलेत." मग माझं बोट कुंकवात बुडवून मशीनच्या डाव्या अंगाला, चाकाच्या वरच्या झाकणावर टेकवलंस. तिथे आधीच्या कित्येक वर्षांची बोटं होती. लाल, तपकिरी, काळपट, एकावर एक. तू कधी ती पुसू दिली नाहीस. सगळी मशीन पुसायची, तेवढी जागा सोडून.

त्या दिवशी मी वर बघितलं. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं आणि प्रत्येक दात्याच्या एका बाजूला काचा. मी विचारलं, सगळ्या काचा एकाच बाजूला का? तू म्हणालास, "तो उत्तरेचा उजेड हाय. डोळ्यावर येत नाय आन सावली पाडत नाय. मशीन अशी मांडायची की उजेड हातावर पडला पाहिजे." बारा वर्षांनी कॉलेजमध्ये आमच्या मॅडमनी हाच प्रश्न वर्गाला विचारला. मी एकटीनेच हात वर केला. त्या म्हणाल्या, कुठे वाचलंस? मला "मामाने सांगितलं" म्हणायची लाज वाटली. मी म्हणाले, "लायब्ररीत." हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

बारावीनंतर तू मला नाशिकला तुझ्या दोन खोल्यांत आणलंस. पप्पांना म्हणालास, "टमाटे तोडायला माणसं मिळतील. हिला शिकू दे." आर्किटेक्ट हा शब्द तुझ्या तोंडात कधी नीट बसला नाही. गल्लीत सांगताना तू "आमची नकाशावाली" म्हणायचास. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, नकाशा म्हणजे भूगोल का? तू म्हणालास, "नाय वो, घरांचा. आधी कागदावर घर पाडती, मंग उभं करती." मी किती चिडले होते. आता वाटतं, आमच्या धंद्याचं इतकं खरं वर्णन कोणी केलेलं नाही.

कारखाना बंद पडला त्या शेवटच्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून हत्यारं आणली, मोजपट्ट्या आणल्या. तू ती फळी डोक्यावर घेऊन आलास. मामी म्हणाली, "ही काय ठेवायची देव्हाऱ्यात?" फळी मोरीत गेली. तेव्हापासून मामी तिच्यावर उभी राहून कपडे धुते. तुझ्या खळग्यांत पाणी साचतं. मग तू अंबडला एका छोट्या शेडमध्ये जायला लागलास. तिथली मशीन तुला आवडायची नाही. "हिला बोलता येत नाय," म्हणायचास.

आणि मग माझं नशीब बघ. चौथ्या वर्षाच्या ट्रेनिंगला मला जे ऑफिस मिळालं, त्यांच्याकडेच तुझ्या कारखान्याचं काम होतं. जुनं मोठं शेड ठेवून त्यात कॅफे, दुकानं, ऑफिसं करायची आणि मागच्या जागेवर फ्लॅटचे तीन टॉवर. मी उड्या मारत घरी आले होते. "मामा, छप्पर पाडणार नाहीत! तुझा उजेड राहणार!" तुझ्याइतकीच मीही खूष होते. खरं तर तुझ्यापेक्षा जास्त. तू नुसतं विचारलंस, "मशिनी?" मी म्हणाले, सगळ्या भंगारात गेल्या, पण एक ठेवलीये, शोभेला. तू म्हणालास, "सात असंल."

मला इथपर्यंत लिहिणं सोपं गेलं. पुढचं जड आहे.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी मी तुला बघायला घेऊन गेले. तू लग्नातला पांढरा शर्ट घातला होतास. गेटवर नवा वॉचमन होता.

"बाबा, कोणाकडे जायचंय?"

"सात नंबरकडं."

त्याने वही उघडली, पान उलटलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "सात नंबरचा फ्लॅट अजून ताब्यात दिला नाही."

तू इतका हसलास की तुला खोकला आला. तेवढंच हसलास त्या दिवशी.

आत गेल्यावर तू मागे हात बांधून चालत होतास. मी बोलत होते, भराभर, गाइडसारखी. खांबांवरचा खरा गंज घासून काढला होता आणि नव्या भिंतीला गंजाचा रंग दिला होता. तू नखाने खरवडलंस. "सवे, हा तर रंग हाय." मी म्हणाले, तसंच असतं, तसा लुक द्यायचा असतो. जमिनीवरचे तेलाचे डाग मुद्दाम ठेवून वर चकचकीत थर दिला होता. तू एका डागाशी थांबलास. "इथं पवार घसरून पडला होता. कंबर गेली त्याची." त्या डागावर आता पितळी पायांचं गोल टेबल होतं. कॅफे अजून उघडला नव्हता, चाचणी चालू होती. फलकावर "कामगार थाळी" होती आणि "फर्स्ट शिफ्ट" नावाचा नाश्ता. तुझ्यासाठी मी जी कॉफी मागवली तिचं नाव "ओव्हरटाईम" होतं. तू एक घोट घेतलास. "बरोबर नाव ठेवलंय. तोबी असाच कडू लागायचा."

तेव्हा मी हसले होते. तुमचं थकणं त्यांनी पेल्यात ओतून विकायला ठेवलं, आणि मला तेव्हा ते "कल्पक" वाटलं होतं. हा शब्द मी वापरला होता, मामा. तुझ्यासमोर.

मग ती मशीन. काळ्या रंगात रंगवलेली, मऊ दिव्याखाली, भिंतीला लावलेली. आपल्याकडे तिची सपाट पाठ. पाठीवर त्या जागेचं नाव उजळणाऱ्या अक्षरांत. तू बराच वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "हिचं तोंड कुठाय?"

मला कळलंच नाही.

"अगं, हँडलं, चाकं. माणूस उभा राहतो ती बाजू. तिला तोंड म्हणत्यात."

ते भिंतीकडे होतं. मशीन आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर जागा. तू खाली बसलास, पांढरा शर्ट भिंतीला घासत कोपरापर्यंत हात त्या फटीत घातलास आणि डोळे मिटून चाचपडत राहिलास. एका हँडलची मूठ तुटली होती तेव्हा तू शिसवीची मूठ स्वतः करून बसवली होतीस, ती तू शोधत होतास. दोन मुली शेजारी उभ्या राहून स्वतःचे फोटो काढत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काका, प्लीज जरा बाजूला?" तू डोळे उघडले नाहीस. म्हणालास, "हाये. सातच हाय."

मग हात बाहेर काढलास आणि मला विचारलंस, "मी कुठं उभा राहू?"

"मामा, आता तिच्यावर कोणी काम नाही करणार."

"ते कळतं मला. येडा नाय मी. पण माणूस कुठं उभा राहत होता ते तर दिसंल ना?" मग त्या फटीकडे बघत म्हणालास, "शाळेत गुरुजी वांड पोराला भिंतीकडं तोंड करून उभं करायचे. हिनं काय केलं?"

झाकणावर मी हात फिरवून बघितला. कुंकवाचा ठिपकाही नव्हता. तेलाचे डाग सांभाळले होते, कुंकवाचे खरवडले होते. एक डाग विकता येतो, दुसरा येत नाही.

रिक्षात आपलं भांडण झालं. तू म्हणालास, मेलेल्या माणसाला पावडर लावून खुर्चीत बसवल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, बाकीच्यांनी तर सगळं पाडून टॉवर बांधले, इथे निदान छप्पर तरी राहिलं. तू म्हणालास, "मग पाडायचं ना. पडलं की माणूस एकदा रडतो आन मोकळा होतो." तुला खरंच तसं वाटत होतं, की त्या दिवसापुरतं? मला अजून माहीत नाही. मी अजूनही त्या छपराच्या बाजूने आहे, मामा. पण तेव्हा मी ते सांगितलं नाही. मी म्हणाले, "तुला डिझाइन कळत नाही."

तू बाहेर बघत राहिलास. त्र्यंबक रोडला लागल्यावर म्हणालास, "बरोबर हाय. तेवढ्यासाठी तर तुला शिकवली."

चिडून म्हणाला असतास तर बरं झालं असतं. तू चिडला नव्हतास.

आणि घराच्या वळणावर म्हणालास, "ज्यानं तिचं तोंड फिरवलं त्याला एकदा भेटव मला. भांडणार नाय. नुसतं विचारीन, बाबा, तू कधी मशीनवर उभा राहिला का?"

मी रिक्षावाल्याला द्यायला सुटे पैसे शोधत राहिले.

ते मी होते, मामा. नकाशात ती मशीन मीच मांडली होती. कॉम्प्युटरवर तयार चौकोन मिळतो, तो उचलला आणि सोफा लावतात तसा भिंतीला लावला. चौकोनाला तोंड नसतं. क्रेन आली त्या दिवशी साइटवरच्या मुकादमाचा ऑफिसात फोन आला, "मॅडम, तोंड कुठं करायचं?" त्यालाही माहीत होतं, मलाच नव्हतं. मी सरांना विचारलं. सर मान वर न करता म्हणाले, "हँडल्स कपड्यांत अडकतील. आत घे." मी फोनवर म्हणाले, "भिंतीकडे." एक शब्द. मला वाटलं मी फार महत्त्वाचं काहीतरी ठरवते आहे.

तुला सांगायचं ठरवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी तू गेलास. गल्लीत गणपतीचा मांडव होता, पोरांनी स्पीकर बंद केला आणि मांडवातल्याच खुर्च्या आपल्या दारात आणून ठेवल्या. मी सगळ्यांना पाणी देत होते आणि मनात एकच चाललं होतं, की तू विचारलेल्या माणसाला तू भेटलास, रोज भेटत होतास, आणि तुला कळलं नाही. की कळलं होतं? तू माझ्याकडे न बघता ते वाक्य बोलला होतास.

पाच ओळी मागणारी ती बाई त्या नव्या जागेच्या जाहिरातीचं बघायची; तिच्या फोननंतर मी मामीला फोटोचं सांगितलं. मामीने हात पुसले. "लावणार कुठं?"

"मशीनच्या मागे. भिंतीवर."

मामी कारखान्यात वर्षातून एकदाच जायची, पण तिला सगळं समजतं. ती म्हणाली, "म्हंजी मशीन आन भिंत यांच्या मधी? भिंतीत चिणायचं का त्यांना?"

मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. मी सांगितलं की चूक माझी आहे, मशीन उलटी बसली आहे, फिरवायला हवी. सर चांगले बोलले, तेच जास्त वाईट होतं. "सविता, भावना समजतात मला. पण फ्लोअरिंग झालंय, बोल्ट मारलेत, पंधरा दिवसांवर उद्घाटन आहे. आणि चूक वगैरे काही नाही. ती आता मशीन नाहीये. ऑब्जेक्ट आहे."

"मग ऑब्जेक्टच्या शेजारी माझ्या मामांचा फोटो कशाला, सर?"

मी आयुष्यात कोणा सरांना असं बोललेले नाही. ते थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "तुझं ट्रेनिंगचं पत्र दिवाळीनंतर बघू."

ते पत्र नसेल तर माझं वर्ष अडतं. हे त्यांना माहीत आहे, मलाही. तरी त्या संध्याकाळी मी एक नवीन नकाशा काढला. तोच चौकोन, पण भिंतीपासून सुटा, उजेडाकडे वळवलेला. चौकोनाच्या एका बाजूला लिहिलं, "तोंड". त्याच्यासमोर तीन फूट मोकळी जागा, त्यात फळी, फळीवर दोन पाय. खाली लिहिलं, "येथे माणूस उभा राहतो. आधीच्या नकाशातली चूक माझी." सही केली. तो सरांना, मुकादमाला आणि त्या बाईला पाठवला. फोटो देणार नाही असंही कळवलं. बाईचं उत्तर आलं, दोन जोडलेले हात. मुकादमाने फोन केला. म्हणाला, "मॅडम, बरोबर काढलंय. पण मला सांगितल्याशिवाय हलवता येत नाही." सरांचं उत्तर अजून आलेलं नाही.

घटस्थापनेला उद्घाटन झालं. मी तिसऱ्या दिवशी गेले. मशीनचं तोंड अजून भिंतीकडेच आहे. आणि वर, तुझ्या जागी, एक मोठा फोटो लावला आहे. कोणीतरी परदेशातला माणूस, इंटरनेटवर विकत मिळतो तसा. मनगटापर्यंत नीट, सारखी काळी केलेली बोटं. नखं स्वच्छ. तो हसतो आहे. खाली लिहिलंय, "ज्या हातांनी हे घडवलं". लोक त्याच्याखाली बसून ओव्हरटाईम पीत होते. मला त्या माणसाचा राग आला नाही, त्याला तर माहीतही नसेल तो कुठे टांगला आहे. मला शिसारी आली ती या गोष्टीची, की आपण नाही म्हणालो तरी त्यांचं काही अडलं नाही. त्यांना हात हवे होते, हात मिळाले.

मग खंडेनवमी आली. मी मामीला म्हणाले, यंदा आपल्याला सण नाही ना. मामी म्हणाली, "सण नाय करायचा. पण हत्याराला सुतक नसतं." तिने मोरीतली फळी ओढून बाहेर काढली, दगडाने घासली, उन्हात वाळवली. डाव्या पायाचा खळगा जास्त खोल आहे, मी पहिल्यांदाच नीट बघितलं. मशीनकडे झुकून झुकून पडलेला. त्या फळीवर तिने तुझा मायक्रोमीटर ठेवला, तुझ्या दोन छिन्न्या, आपला विळा, शिलाई मशीनची कात्री. मग माझ्याकडे बघितलं.

"तुझं ठेव ना."

मी पट्टी आणि पेन्सिली ठेवल्या.

"ते नाय. जेच्यावर काम करती ते."

मला लॅपटॉप आणवेना. तो चौकोन त्याच्यातच आहे. तुझं तोंड भिंतीकडे फिरवलेला नकाशा आणि नंतरचा, दोन्ही. मी म्हणाले, "मामी, याच्यावरच तर ते..."

"माहितीय मला," मामी म्हणाली. "तुझ्या मामांनी त्याच रविवारी सांगितलं होतं, तुझ्या तोंडावरूनच वळखलं म्हणं. आण."

म्हणजे तुला माहीत होतं.

मी आणला. उजव्या खळग्यावर ठेवला, डावा रिकामा ठेवला. मामीने मायक्रोमीटरला कुंकू लावलं, विळ्याला लावलं, आणि मग बोट पुन्हा बुडवून लॅपटॉपच्या झाकणावर, मधोमध, जोरात टेकवलं.

काल कॉलेजमध्ये शेजारची मुलगी म्हणाली, थांब, डाग पडलाय, माझ्याकडे लिक्विड आहे. मी तिचा हात धरला. सगळं पुसते, मामा. तेवढी जागा सोडून.